फौजी सीमेवर, ऊस तोडीला

नागठाण्याच्या पुढं, हायवेपासून जरा आत, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की चार दिवस फ्लेक्सच्या डिझाइनची गर्दी असते. वर मोठ्या अक्षरात 'आपल्या गावचा अभिमान', खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो, आणि ज्याचा अभिमान वाटतो त्या जवानाचा फोटो कोपऱ्यात, तोही आधार कार्डावरनं उचललेला. मी करून देते, धंदा आहे. पण त्याच आठवड्यात त्याच जवानाची बायको कडेवर पोर घेऊन माझ्या काउंटरला उभी असते. उसाला कारखान्याची तोड मिळत नाही, बाळाच्या दाखल्यात नाव चुकलंय, सासऱ्यांना साताऱ्याला न्यायला गाडी नाही, असं काहीतरी. त्या चौदांपैकी एकालाही मी तिच्यासोबत आलेलं बघितलं नाही.

आमचा पट्टाच फौजींचा. मिलिटरी अपशिंगे इथून जवळच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत, त्यांचं इंग्रजांनी उभारलेलं स्मारक अजून गावात आहे. आजूबाजूच्या गावांतही घरटी नाही, पण आळीला एक तरी फौजी सापडतोच. माझ्या घरात कुणी मिलिटरीत नाही, मालक टेम्पो चालवतात. त्यामुळं हे सगळं मी शेजारणीच्या आणि दुकानदारणीच्या नजरेनं सांगतेय. 'आपण साधी माणसं काय करणार' असं विचारणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट, 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बंद करा. आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काम नेमकं धरून विचारा. 'मी मंगळवारी साताऱ्याला चाललेय, आत्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी द्या.' 'आमचा ट्रॅक्टर उद्या तुमच्या खालच्या पट्टीला लागूनच चालणार आहे, रोटर मारून घ्यायचा का?' याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं, आणि हो म्हणायला लाज वाटत नाही. डिझेलचे पैसे देत असतील तर घ्या. फुकट केलं की पुढच्या वेळी ती बाई तुम्हाला हाक मारत नाही.

शेतातलं काम

बाहेरच्याला वाटतं, फौजीच्या घराला पगार येतो, मग अडचण कसली? अडचण पैशाची नसते, माणसाची असते. शेतीच्या लाइटीचा आठवडा रात्रपाळीचा आला की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, रात्री एक वाजता बांधावर जावं लागतं. घरात पासष्टीचे सासरे आणि दोन पोरं. कोण जाणार? आमच्या आळीत यावर एका म्हाताऱ्या मामांनी साधा तोडगा काढला. विहीर सामाईक होती. त्यांनी आपली दिवसाची पाळी फौजीच्या घराला दिली आणि त्या घराची रात्रीची स्वतः घेतली. 'मला तशीही झोप येत नाही,' म्हणाले. दोन हंगाम झाले, आजही तसंच चाललंय.

उसाचं तर विचारूच नका. लागणीची नोंद कारखान्याच्या शेतकी ऑफिसला वेळेत झाली पाहिजे, नाहीतर तोड मागं पडते. मग तोडीच्या चिठ्ठ्या करणाऱ्या चिटबॉयला फोन, तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाला फोन, आणि पुरुष माणूस घरात नाही म्हटल्यावर 'बघू, सांगतो'. मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या वहिनींची तोड आली ती संध्याकाळी चार वाजता, न सांगता. दुसरी खेप भरली आणि ट्रॉली ओल्या वाफ्यात रुतली. ड्रायव्हर एंट्री, म्हणजे खेपेमागं वरचे पैसे मागतोय, टोळी खुशाली, म्हणजे बक्षिसी मागतेय, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या कुणी न्यायच्या यावरून वेगळीच हुज्जत, आणि वहिनी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फोन घेऊन उभ्या. फोन लागत नव्हताच, भाऊजी, म्हणजे वहिनींचे फौजी, फील्ड एरियात, सीमेकडच्या तैनातीवर. आमच्या मालकांनी टेम्पो लावून ट्रॉली ओढून काढली, पण खरं काम त्यांनी नंतर केलं. बांधावर नुसते उभे राहिले. भांडले नाहीत, बोलले नाहीत. एंट्रीचा आकडा आपोआप निम्म्यावर आला.

तेव्हा तोडीच्या दिवशी बांधावर एक माणूस, एवढंच करा. उभं राहताना ट्रॉलीचा नंबर आणि निघाल्याची वेळ वहीत लिहा, काट्यावरच्या वजनाच्या पावतीचा खेपेगणिक फोटो काढा आणि वहिनींच्या फोनवर टाका. भाऊजींना रेंज आली की ते बर्फात बसून टनांचा हिशेब करतात. त्यांना तेच हवं असतं.

ई-पीक पाहणीही ध्यानात ठेवा. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरून, शेतात उभं राहून फोटो काढून करावी लागते. सातबारा फौजीच्या नावावर, फौजी अरुणाचलमध्ये, ॲप तिथून चालत नाही. एका मोबाइलवरून दुसऱ्याच्या गटाचीही नोंद करता येते. आपली करायला जाल तेव्हा शेजारच्या गटात पाच मिनिटं जा. वहिनींना सोबत घेऊन एकदा दाखवलं तर पुढच्या वर्षी त्या स्वतः करतील, आणि ते जास्त चांगलं.

कागद

इथं मी जरा लांबण लावणार, कारण यात मीच एकदा माती खाल्ली आहे.

जवानाच्या घरात जे घडतं, लग्न असो की मूल, ते युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढून नोंदवतं आणि ती नोंद रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. ती ऑर्डर निघाली नसेल तर फौजेच्या कागदावर बायको बायको नाही आणि पोर पोर नाही. घरच्यांचं ओळखपत्र म्हणजे डिपेंडंट कार्ड नाही, मिलिटरी हॉस्पिटल नाही, उद्या काही झालं तर पेन्शनला अडचण.

आपल्याकडं मुलीचं लग्नात नाव बदलतं. माहेरचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, तिन्ही गेले. आधारवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, बँकेत अर्धं हे अर्धं ते. चार वर्षांपूर्वी एका नव्या सूनबाईंच्या बाळाच्या जन्मनोंदीचा अर्ज मी भरून दिला. आईचं नाव आधार बघून घातलं, म्हणजे माहेरचं. कुणाच्या लक्षात आलं नाही. युनिटनं कागद परत पाठवला, आईचं नाव लग्नाच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून. बाळाचे वडील तेव्हा अशा ठिकाणी की आठ-दहा दिवसांनी एकदा फोन. तो एक फोन 'कुठला कागद, कुणाची सही' यातच संपायचा. पोरगी हुंकार द्यायला लागली होती, ते ऐकवायचंच राहून जायचं. दुरुस्तीला सात महिने गेले. त्या सूनबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मी त्यानंतर पद्धत बदलली.

आता फौजीच्या घरचं लग्न ठरलं की मी आधीच सांगते, लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करा, दाखला हातात आला की आधार, पॅन, बँक या क्रमानं सगळीकडं एकच नाव, एकच स्पेलिंग. आधारचं काम माझ्याकडं होत नाही, त्यासाठी आधार केंद्र किंवा ती सोय असलेलं पोस्ट ऑफिस. मूल झालं की २१ दिवसांच्या आत जन्मनोंद, आणि अर्ज भरताना समोर आधार नव्हे, लग्नाचा दाखला ठेवायचा. फौजी सुट्टीवर येतो त्या पहिल्याच आठवड्यात हे उरकायचं. शेवटच्या दोन दिवसांत तलाठी, ग्रामसेवक आणि सर्व्हर तिघंही एकाच वेळी सापडत नाहीत.

तुम्ही दुकानदार नसाल तरी यातलं बरंच तुमच्या हातात आहे. रांगेत नंबर धरा, बाळ सांभाळा, सोबत जा. आणि तलाठी, ग्रामसेवक, बँकेतला कारकून असाल तर फौजीच्या घरच्या माणसाला 'उद्या या' म्हणण्याआधी सगळे लागणारे कागद एकाच वेळी लिहून द्या. एवढ्यानं तीन खेपा वाचतात.

फौजींचे कागद हाताळणाऱ्यांना आणखी एक. आयकार्डाची, कॅन्टीन कार्डाची बिघडलेली झेरॉक्स टेबलावर पडू देऊ नका. 'मी आर्मीत आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात विकायचीय' असं सांगून लुबाडणारे असल्याच कागदांच्या आधारावर धंदा करतात. मी फाडून बंबात घालते.

बांधाची भांडणं हा आमच्याकडचा जुना रोग. माणूस सुट्टी संपवून गेला की बांध दोन फूट सरकतो. अशा वेळी वहिनींना भांडायला पाठवू नका. जवानानं आपल्या कमांडिंग ऑफिसरकडं अर्ज केला की तिथून जिल्हाधिकारी किंवा पोलिस अधीक्षकांना पत्र येतं, आणि त्या पत्राला इकडं वजन असतं. कोर्टात दावाच पडला तर १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे. खास परिस्थितीत तैनात असलेला सैनिक हजर राहू शकत नसेल तर दावा पुढं ढकलण्याची त्यात सोय आहे. वकिलाला त्याची आठवण करून द्या. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, अडलं की आधी तिथं. मात्र एक बघा. गावात आपण सगळ्यांनाच 'मिलिटरीवाला' म्हणतो, पण सीआरपीएफ, बीएसएफवाले गृह खात्याकडं येतात. त्यांच्या घरच्यांनी सैनिक कार्यालयात दिवस घालवण्याआधी बटालियनला किंवा ग्रुप सेंटरला विचारावं. सीआरपीएफचं एक ग्रुप सेंटर तळेगाव दाभाड्याला आहे.

दारात गाडी लावताना

हे कुठंच कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तरुण बाई एकटी राहते, तिच्या दारात दुसऱ्या पुरुषाची गाडी दोनदा दिसली की पारावर तिसऱ्यांदा चर्चा होते. मदत तुमची, बोल तिला. तेव्हा पुरुषांनी मदतीला जाताना घरच्या बाईला सोबत न्यावं, उजेडी जावं, बोलणं सासूसमोर ओट्यावर करावं. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे फौजीला फोन करून त्याच्या बायकोच्या खबरा देणं. 'वहिनी परवा साताऱ्यात दिसल्या बरं का.' तुम्ही एक वाक्य बोलून झोपता. तो हातात रायफल घेऊन रात्रभर त्या वाक्याभोवती फिरतो. नका करू.

रात्री दवाखान्याची वेळ आली तर १०८ लावा आणि जवळचा दवाखाना गाठा, मिलिटरी हॉस्पिटलचा विचार नंतर. सेवेत असलेल्या जवानाच्या कुटुंबाला मिलिटरी हॉस्पिटलची सोय असते, पण आमच्याकडून पुणे दोन-अडीच तास. ईसीएचएस ही उपचारांची योजना निवृत्तांसाठी, त्यात गोंधळ नको. डॉक्टरांकडून तातडीची भरती असल्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्या, युनिटला लगेच कळवा, बिलांचे मूळ कागद जपा. सोबत गेलेल्या माणसानं हे केलं तर बिल मिळण्याची आशा. दाखला नंतर मागितला की डॉक्टर नेमके रजेवर असतात.

पत्र, राखी, चटणी

जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), आणि ९ नं सुरू होणारा पिन. त्यात आपल्या हुशारीनं 'लेह' नाहीतर 'तवांग' घालू नका. पिनवरनं पाकीट बरोबर पोचतं, वेळ मात्र घेतं. राखी धाडायची तर नारळी पौर्णिमेच्या महिनाभर आधी.

शाळा पोतंभर राख्या 'सीमेवरील जवानास' म्हणून पाठवतात, हेतू चांगला असतो. त्यापेक्षा आपल्याच गावच्या एका जवानाच्या घरच्यांना विचारून त्याच्या कंपनीसाठी शंभरेक राख्या पाठवा. त्या गठ्ठ्यात आपल्या गावचं नाव असतं आणि तो ते चारचौघांत मिरवतो. सोबत मुलांची पत्रं. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं 'तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो' हे चाळीस वेळा नको. एका चौथीतल्या पोरानं लिहिलं होतं, 'काका, तुमच्या घराजवळची चिंच यंदा वाऱ्यानं पडली, आम्ही फांदीवर झोका बांधला.' ज्यांना लिहिलं ते भाऊजी सुट्टीवर आले तेव्हा ते पत्र खिशात होतं, घडीवर चिरलेलं, आणि पहिल्यांदा चिंच बघायला गेले.

खाऊ पोस्टानं पाठवायचा तर कोरडा. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मेतकूट, भडंग. लोणच्याची बरणी नको, एकदा एकीच्या तेलानं सगळ्यांच्या राख्या भिजवल्या. कंदी पेढे द्यायचे तर सुट्टी संपवून निघणाऱ्याच्या हातात द्या. आणि सारखं 'हे पण घेऊन जा' करून पोराचं ओझं वाढवू नका. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मू, तिथून पुढं आणखी दोन दिवस, सगळं पाठीवर.

फोनवर काय नको

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावणं आलं. ते चार दिवस माझ्या दुकानासमोरच्या बाकावर युद्ध चालू होतं. कुणाच्या फोनवर कराची पडली, कुणाच्या फोनवर आपलं विमान. पलीकडच्या घरी एका जवानाच्या आईनं पोराचा फोन लागत नाही म्हणून दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, आणि दर तासाला कुणीतरी येऊन विचारत होतं, 'काही कळलं का?' मी शेवटी तिथं बसले आणि शेंगा फोडायला घेतल्या. आत्याही फोडायला लागल्या. टीव्ही बंद होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, दीड मिनिटाचा. त्यात त्यानं आधी म्हशीचं विचारलं.

अशा दिवसांत फौजीच्या घरी गेलात तर बातमी नेऊ नका, काम न्या. तो कुठं आहे हे विचारू नका, कळलं तरी ग्रुपवर टाकू नका. वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, 'आमचा भाऊ आज अमुक पोस्टवर' असलं स्टेटस नको. फौजेनं २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढायला लावली ती उगाच नाही. तो काढतो आणि इकडं त्याचा मेव्हणा टाकतो.

सुट्टीवर आल्यावर

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, मिळेल तेव्हा आणि मिळेल तशी. त्यातले सत्काराला किती द्यायचे? शाळेत सत्कार, मंडळात सत्कार, सोसायटीत सत्कार. नारळ आणि शाल घेऊन तो कंटाळतो, लाजेनं बोलत नाही. एक दिवस सगळ्यांनी मिळून करा आणि सोडा त्याला घरी.

आणि बाटली मागू नका. कॅन्टीनचा कोटा त्याचा, शेजाऱ्याचा नव्हे. माझ्या दुकानात बसून मोठमोठी माणसं 'एखादी आणली असेल की' म्हणतात तेव्हा मीच मान खाली घालते.

पैसे द्यायचे असतील तर

७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. शाळेत ते छोटे झेंडे विकायचे, आठवत असेल. त्या निधीला सैनिक कल्याण कार्यालयामार्फत देता येतं, पावती मिळते. सीआरपीएफ, बीएसएफसाठी गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' पोर्टल आहे, २०१७ पासून. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडला एक रुपया देऊ नका, वर तिरंगा असला तरी.

त्यापेक्षा जवळचं सांगू? जवानाचं पोर पाचवीत असेल तर साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म वेळेत भरायला लावा. १९६१ ची, देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या दारात. आता मुलींनाही घेतात, आणि सैनिकांच्या मुलांना राखीव जागा आहेत. गणित शिकवता येत असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या.

वाईट झालं तर

घरच्यांना बातमी युनिट आणि प्रशासन देतं. तुम्हाला टीव्हीवरनं आधी कळली तरी तुम्ही सांगायची नाही. दार लोटून घ्या, टीव्हीची पिन काढा, म्हाताऱ्यांजवळ बसा. पार्थिव येईपर्यंत एखाद दोन दिवस जातात. त्यात मंडप, पाणी, पाहुण्यांची भाकरी, गुरांची वैरण हे गावानं घ्यायचं. कॅमेरेवाल्यांना वीरपत्नीच्या खोलीत सोडायचं नाही. यासाठी दारात एक खमकी बाई उभी करा, पुरुष नको, पुरुष कॅमेऱ्यासमोर बोलायला लागतात.

तेराव्यानंतर गर्दी सरते. चौथ्या महिन्यात वारसनोंद, विमा, पेन्शन, आणि सासर-माहेरात पैशावरून धुसफूस सुरू होते. 'किती मिळाले?' हे विचारणारे तेव्हाही येतातच. तुम्ही तारखा सांभाळा, ऑफिसला सोबत जा, बाजू घेऊ नका. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी स्वातीताई २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. पण म्हणून दर वीरपत्नीला 'तूही त्यांच्यासारखी वर्दी घाल' असं सुनावू नका. कुणाला नुसतं पोराला शाळेत सोडून घरी यायचं असतं.

ही वेळ यायच्या आधीच करायचं एक काम मी करते, तुम्हीही तुमच्या आळीत करा. फौजीच्या घरी एक लाल फाइल. त्यात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आर्मी नंबर, हुद्दा, युनिटचा पत्ता आणि तिथला फोन, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता. मागं लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पार्ट टू ऑर्डरची प्रत, डिपेंडंट कार्ड, पगाराच्या खात्याचं पासबुक, त्या खात्यावरच्या अपघात विम्याची माहिती, नॉमिनेशन, सातबारा, उसाच्या नोंदीची पावती. फाइल कुठं ठेवलीय हे दोघींना माहीत पाहिजे, बायकोला आणि आईला. सुट्टीवर आलेला फौजी सोबत आला तर तासाभरात होते. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा या. झेरॉक्सचे पैसे मी घेत नाही. लॅमिनेशनचे घेते, तो कागद मलाच महाग पडतो.